बिल्ला कपाटात, मी मशीनपाशी

खंडेनवमीला मी एक्स-रे मशीनची पूजा केली, यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. साखऱ्याला, म्हणजे आमच्या गावी, घरात त्या दिवशी तिफणीपासून अडकित्त्यापर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागायचं. मी शेत भावाच्या हवाली करून दवाखान्यात नोकरीला लागलो, म्हणून माझ्या हत्याराला काय पारोसं ठेवायचं? मशीनला झेंडूची माळ घातली, टेबलावर नारळ ठेवला, विड्याचं पान, त्यावर सुपारी. मग वाटलं, छातीवरचा बिल्ला राहिलाच की. तोही रोजच्या कामाचा. तो काढून पानाशेजारी ठेवला, त्यालाही कुंकवाचं बोट लावलं. चूक झाली ती एवढीच.

हा बिल्ला काय असतो ते आधी सांगतो, कारण आमच्या घरातही बरीच वर्षं तो माझ्या नोकरीचा नंबर आहे असंच समजत होते. आगपेटीएवढी प्लास्टिकची डबी, आत एक पट्टी. एक्स-रेवर काम करणाऱ्यानं ती छातीला लावायची. अंगावर जेवढे किरण पडतात तेवढ्याची खूण त्या पट्टीत राहते. दर तीन महिन्यांनी पट्टी टपालानं तपासणीला जायची आणि माझ्या नावापुढं एक आकडा लिहून यायचा. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, अंगावर पडताना कळत नाहीत. आपल्या वाट्याला किती आले हे समजायला तेवढी एकच सोय होती.

तर पूजा झाली. पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उतरवेपर्यंत हलवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पण माहूरहून देवीचं दर्शन करून येणारा एक टेम्पो औंढ्याच्या रस्त्याला उलटला आणि दुपारी दोनच्या सुमारास दवाखान्याचा व्हरांडा माणसांनी भरून गेला. कोणाचा खांदा, कोणाची बरगडी, कोणाची कंबर. मी देवाची माफी मागून नारळ उचलला, माळ तशीच राहू दिली आणि एकामागून एक माणसं टेबलावर घेत सुटलो. कुंकू आणि तेलामुळं पान सुपारीसकट चादरीला चिकटलं होतं. पानाजवळचा बिल्लाही तिथंच. लोकांच्या कण्हण्यात माझं तिकडं लक्षच गेलं नाही.

फिल्म धुऊन वाळत घातल्या तेव्हा कळलं. प्रत्येक फोटोत एका कडेला एक चौकोनी सावली आणि तिच्या बाजूला एक गोल. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो, ते एकेक फिल्म खिडकीकडं धरून बघत होते. चौथ्या की पाचव्या फिल्मला त्यांनी विचारलं, "या सगळ्यांनी सुपारी गिळली का?"

मी खरं ते सांगितलं. साहेब हसले, नर्सबाई हसल्या, कंबर मोडलेला माणूससुद्धा थोडा हसला. मी बिल्ला पुसला आणि छातीला लावला. विषय संपला असं मला वाटलं.

जवळपास तीन महिन्यांनी पत्र आलं. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, टपाल परभणीवरून फिरून यायचं, त्यामुळं ते आधीच चार ठिकाणी वाचलं गेलं होतं. पत्रात म्हटलं होतं की या कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावर मर्यादेच्या कितीतरी पट किरण नोंदले गेले आहेत, चौकशी करून कळवावं, आणि तोपर्यंत कर्मचाऱ्याला मशीनपासून दूर ठेवावं.

ते शेवटचं वाक्य मी पुढं कितीदा आठवलं असेल. माझ्या नोकरीत मला मशीनपासून दूर ठेवा असं सरकारनं एकदाच लिहिलं, आणि तेव्हा मी जिवाच्या आकांतानं सांगत होतो की मला काही झालेलं नाही, मला इथंच राहू द्या.

साहेबांची अडचण वेगळी होती. सगळ्या तालुक्याला मशीन एक आणि ते चालवणारा मी एक. मी बाजूला झालो की मशीन बंद. मशीन बंद झालं की वरून विचारणा. त्यांनी मला समोर बसवून लिहून घेतलं : सदर बिल्ला माझ्या निष्काळजीपणामुळे टेबलावर राहिल्याने किरण बिल्ल्यास लागले, मला लागले नाहीत, माझी प्रकृती उत्तम आहे. मी सही केली. अक्षर फार वळणदार आलं होतं. साहेबांनी त्याचं कौतुकही केलं.

मग त्यांनी आमच्या हेडक्लार्कना बोलावलं. त्यांना सगळे बडे बाबू म्हणत. साहेब म्हणाले, यापुढं याचा बिल्ला तुमच्या कपाटात ठेवा, हा माणूस उद्या त्याला बारशालाही घेऊन जाईल. बडे बाबूंनी तो घेतला आणि कुलपात ठेवला. मला म्हणाले, "अब टेन्शन नको घेऊ. माझ्याकडं हवा बी न्हाई लागनार त्याला."

खरंच लागली नाही. त्या कपाटात तुलनेसाठी पाठवलेला एक कोरा बिल्लाही असायचा. तो कोणी घालायचा नसतो, किरणांपासून लांब ठेवायचा असतो. माझा आणि तो, दोन्ही बिल्ले मस्टरच्या शेजारी जोडीनं पडून राहिले. तीन महिने झाले की बडे बाबू दोन्हीकडच्या पट्ट्या पाकिटात घालून पाठवायचे, नव्या आल्या की डब्यांत घालायचे आणि कुलूप लावायचे. आकडा यायचा शून्य.

इकडं माझं काय चाललं होतं? बुधवारी छातीच्या रोग्यांची तपासणी असायची. त्या वेळच्या जुन्या मशीनवर रोग्याला पडद्यामागं उभं करून किरण चालूच ठेवायचे आणि अंधारात पडद्यावर त्याची फुफ्फुसं बघायची. साहेब किरण अडवणारा शिशाचा कोट घालून बघायचे. कोट एकच होता. साहेब नसले की तो माझा, पण माझ्यावर लहानपणापासून टापटिपीचे संस्कार. रोज संध्याकाळी मी त्याची चौघडी घालून फडताळात ठेवायचो, इस्त्रीच्या सदऱ्यासारखी. शिशाच्या कोटाची घडी घालायची नसते, घडीवर आतलं शिसं तडकतं, हे मला फार वर्षांनी एका कंपनीच्या माणसानं सांगितलं. त्यानं तो कोटच मशीनखाली ठेवून फोटो काढून दाखवला. आमच्या माळरानाला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा, आणि दोन बरोबर छातीवर.

आणि फोटो काढताना हलणारी माणसं धरायची कोणी? तांड्यावरच्या म्हाताऱ्या यायच्या. त्यांच्या चोळीवरची आरशी, नाणी, दंडापर्यंतच्या बांगड्या काढायच्या म्हणजे अर्धा तास, आणि मोकळ्या अंगानं त्या बिचाऱ्या लाजून आक्रसून बसायच्या. एकदा घाईत मी तसाच फोटो काढला, तर फुफ्फुसाच्या जागी सगळा रुपया-आठ आण्याचा बाजार उठून दिसला. लेकरांचं तर विचारूच नका. बाप म्हणायचा, मला रगत बघवत न्हाई. इथं रक्त कुठं आहे म्हटलं तरी तो बाहेरच. आई दुसऱ्या वेळची पोटुशी, तिला मीच बाहेर काढायचो. मग त्या लेकराचे दोन हात वर धरून मी उभा, आणि बटण दाबायला वॉर्डबॉय. दिवसातून चार-पाच वेळा. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो. गावी गेलो की लोक मला फोटूवाले डॉक्टर म्हणायचे आणि मी तो शब्द दुरुस्त करत नसे.

पण या सगळ्यापेक्षा मूर्खपणाची गोष्ट पुढंच आहे. दर तीन महिन्यांनी शून्य आलं की मला बरं वाटायचं.

मनापासून बरं वाटायचं. बिल्ला कपाटात आहे, हे मला ठाऊक. आकडा त्या कपाटाचा आहे, माझा नाही, हेही ठाऊक. तरी बडे बाबू कागद पुढं करून "शून्य, सही करा" म्हणाले की मी हलका होऊन घरी यायचो. एकदा तर बायकोला सांगितलं, बघ, एवढी वर्षं झाली, एक किरण लागू दिला नाही अंगाला. ती म्हणाली, मग कामावर नुसते बसूनच राहता का दिवसभर.

पुढं हिंगोलीचा जिल्हा झाला. साहेब बदलले, दुसरे आले, तेही गेले. बडे बाबू निवृत्त झाले, पण जाताना नव्या बाबूला कपाट समजावून सांगताना बिल्ल्याचंही सांगून गेले. नव्या बाबूनं मला एकदा विचारलं होतं, हा तुमच्या छातीला नको का? मी म्हटलं, पहिल्यापासून तिथंच असतो. त्यानं परत विचारलं नाही. मी पण नाही.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, कळमनुरीच्या बाजारात वांगी निवडताना माझ्या छातीवर कोणीतरी पोतं टाकावं तसं झालं. वांगी खाली पडली. भाजीवालीनं मला तिच्या पोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली पित्त असंल. मीही तेच म्हटलं. दोन दिवस पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाची ही अक्कल. तिसऱ्या दिवशी बायकोनं भावाला बोलावून जीप केली आणि नांदेडला नेलं.

तिथं हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. ती एक्स-रेखालीच करतात. आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या वरच्या बाजूला होतो. आडवा पडून मी काय बघत होतो तर तिथल्या माणसांचे कोट. डॉक्टरांना, सिस्टरला, मशीनवरच्या मुलीला, प्रत्येकाला अंगावर कोट, गळ्याला शिशाची पट्टी, आणि प्रत्येकाच्या छातीला बिल्ला. कोट भिंतीवरच्या दांड्यावर टांगलेले, घडी कुठंच नाही. मला त्या अवस्थेत वाटलं, ह्यांच्या बिल्ल्याला दसऱ्याला कुंकू लावत नसतील.

एक मोठी रक्तवाहिनी जवळपास बंद होती. स्प्रिंग टाकली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडला आले, वयानं माझ्याहून लहान, बोलायला शांत. मी काय काम करतो हे कळल्यावर स्टूल ओढून बसले. तंबाखू? खातो. वडिलांना हृदयाचा त्रास? होता. साखर? थोडी. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमची किरणांची नोंद काय सांगते?"

"शून्य," मी म्हटलं.

"एवढ्या वर्षांत?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं, पूजेपासून कपाटापर्यंत. ते हसले नाहीत. म्हणाले, छातीवर मोठ्या प्रमाणात किरण पडले तर हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात हे आम्हाला माहीत आहे. कर्करोगाला किरणांचा शेक दिलेल्या रोग्यांत ते दिसतं. थोडे थोडे, वर्षानुवर्षं पडले तर काय होतं यावर अजून अभ्यास चालू आहे. धोका थोडा वाढत असावा असं काही जणांना वाटतं. पण तुमचं हृदय तंबाखूनं बिघडलं, वडिलांकडून आलं की मशीननं बिघडवलं, हे एका माणसाकडं बघून मी काय, कोणीच सांगू शकणार नाही. आकडा असता तर निदान बोलायला जागा होती.

मग म्हणाले, "तरी आता मशीनपासून लांब राहिलात तर मला बरं वाटेल. मी लिहून देतो."

त्या चिठ्ठीवर मी अर्ज केला. मागणं मोठं नव्हतं. मला केसपेपरच्या खिडकीत बसवा, तिथला माणूस वर्षभरानं निवृत्त होणारच आहे. मशीनवर दुसरा द्या. माझं वय तेव्हा शेहेचाळीस, नोकरीची बारा वर्षं बाकी. बायकोनं तेवढ्यात मनानं मला खिडकीत बसवूनही टाकलं. तिथं पंखा आहे का, हे तिनं दोनदा विचारलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी तीन डॉक्टरांच्या मंडळापुढं बोलावलं. मी नवा सदरा घातला होता. मधले डॉक्टर माझी फाइल चाळत होते. नांदेडची चिठ्ठी त्यांनी वाचली, बाजूला ठेवली आणि नोंदीचे कागद एकेक करून उलटले. शून्य, शून्य, शून्य. मग त्यांचं बोट थांबलं.

"हे एकदा एवढं मोठं कसं आलं?"

मी म्हटलं, ते खंडेनवमीचं आहे साहेब. त्यांना कळेना, म्हणून माझ्याच हातची जुनी लेखी कबुली काढून त्यांनी मोठ्यानं वाचली. माझी प्रकृती उत्तम आहे, इथंपर्यंत. डावीकडचे डॉक्टर रुमाल तोंडाला लावून खोकले. उजवीकडचे सरळ हसले.

"म्हणजे ते तुम्हाला लागले नाहीत," मधले म्हणाले. "आणि बाकी सगळं शून्य."

मी धीर करून सांगितलं की शून्य माझं नाही, बिल्ला कपाटात असायचा. मधल्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "मग तसं लिहून द्या. की इतकी वर्षं मी शासनाकडं खोटी नोंद पाठवली. आम्ही पुढं पाठवतो."

मी कागदाकडं बघितलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. लिहून दिलं तर चौकशी लागणार, निलंबनही होईल कदाचित, आणि ज्यांनी बिल्ला कपाटात ठेवायला सांगितलं त्यांचं नाव लेखी कुठंच नव्हतं. सही होती ती फक्त माझी, दर तीन महिन्यांची. न लिहिलं तर मला काही झालेलंच नव्हतं. छातीत स्प्रिंग घेऊन बसलेला मी एक ठणठणीत माणूस होतो.

मी म्हटलं, "नको साहेब. जाऊ द्या."

ते लगेच म्हणाले, ठीक. तेवढं "ठीक" ऐकल्यावर मला हायसं वाटलं, हे सांगायची लाज वाटते. आठवड्याभरानं निकाल आला. नोंदवलेली मात्रा नगण्य असल्यामुळे कामाचा व आजाराचा संबंध दिसून येत नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही. सोमवारपासून मी परत मशीनवर.

त्या रविवारी भाऊ आणि वहिनी चौकशीला आले होते. मला गप्प बसवत नाही. मी त्या तीन डॉक्टरांची नक्कल करून दाखवली, रुमालवाल्याचा खोकला, मधल्याचं "ठीक", आणि मी स्वतः कोऱ्या कागदाकडं कसा बघत होतो ते. भाऊ पोट धरून हसला. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती, तिची पाठ आमच्याकडं होती आणि ती पाठ हसत नव्हती, एवढं मला दिसत होतं. पण लोक हसायला लागले की मला थांबता येत नाही.

दिवस मावळायच्या आत ते दोघं निघाले. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडून आलो तेव्हा ती ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत बसली होती. मी शेजारी बसलो. मग वर न बघता तिनं विचारलं, तो बिल्ला कपाटात ठेवायला नेमकं कोण म्हणालं होतं. मी म्हटलं, तुला माहीत आहे, पहिले साहेब. त्यांच्यापुढं मी काय बोलणार?

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"ते साहेब तर दोन वर्सांत बदलून गेले," ती म्हणाली. "मंग त्याच्या माघारी तुमी कोनाला भिऊन राहिले व्हते?"